नित्याचा रथ

मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. नित्य कर्म रोज करावयाचे. ते केल्याने काही विशेष पदरात पडत नाही, मात्र टाळल्यास दोष लागतो. नैमित्तिक कर्म प्रसंगपरत्वे करावयाचे, आणि काम्य कर्म ज्याला इच्छा असेल त्यानेच करावयाचे. हा भेद धर्मशास्त्रातला असला तरी माणसाच्या वापरातल्या वस्तूंनाही तो लावून पाहता येतो. घरातला तांब्या, छत्री, सायकल या नित्याच्या वस्तू होत. पैठणी आणि चांदीची भांडी नैमित्तिक. आणि ज्यांच्यावाचून कोणाचेच काही अडत नाही, परंतु ज्यांची ओढ काही माणसांना आयुष्यभर सोडत नाही, अशा वस्तू काम्य होत. स्पोर्ट्स कार ही या तिसऱ्या वर्गातली वस्तू आहे. माणसे आणि सामान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे हे मोटारीचे सामान्य प्रयोजन तिच्यात दुय्यम झालेले असते. चालविण्याचा अनुभव हेच तिचे मुख्य प्रयोजन असते.

अशी मोटार कोणी रोज कचेरीत जाण्यासाठी, भाजी आणण्यासाठी, मुलाला शाळेत पोचविण्यासाठी वापरू लागला, तर काय घडते? वरवर पाहता हा सोयी-गैरसोयीचा प्रश्न आहे, आणि मोटारींविषयीच्या नियतकालिकांत त्याची चर्चा त्याच अंगाने होत असते. परंतु त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. उत्कृष्टाला रोजच्या जगण्यात जागा द्यावी, की त्याला सणासुदीसाठी राखून ठेवावे? जागा द्यावयाची तर ती कोणत्या अटींवर, आणि कोणाच्या खर्चाने? काम्याला नित्य करणे ही जीवनाची समृद्धी म्हणावी, की इच्छेला कर्तव्याचा वेष चढविणे म्हणावे? या प्रश्नाचा विचार अमूर्त पातळीवर करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष मोटारीच्या आधाराने करणे अधिक उपयुक्त ठरेल.

१९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या मोटार-प्रदर्शनात स्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीने '९०१' या नावाची एक नवी मोटार मांडली. मधला अंक शून्य असलेली तीन अंकी नावे वापरण्याचा हक्क आपला आहे, अशी हरकत फ्रान्समधील प्यूजो कंपनीने घेतली आणि १९६४ मध्ये या मोटारीचे नाव '९११' झाले. तिचे रूप फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी सिद्ध केले होते. त्यांचे आजोबा फर्डिनांड पोर्शे हे फोक्सवॅगन 'बीटल' या सामान्य जनांच्या मोटारीचे जनक. बीटलचे इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे. नव्या मोटारीचेही तसेच. दोन लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे ते इंजिन १३० अश्वशक्ती देत असे. म्हणजे या स्पोर्ट्स कारच्या कुळातच एक नित्याची मोटार होती, आणि ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या कुळाचा वारसा तिच्या रोजच्या उपयोगात दिसून येई. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणीच नसल्यामुळे हिवाळ्यात ते गोठण्याची भीती नव्हती. इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या झाकणाखाली सामानाला बऱ्यापैकी जागा मिळत होती. मागे दोन लहान आसने होती. त्यांवर प्रौढ माणूस फार वेळ बसू शकत नसे, पण मुले बसू शकत. काचा उभट व मोठ्या असल्यामुळे चहूकडचे स्वच्छ दिसे. इंजिनाचे वजन चालत्या चाकांवर पडत असल्यामुळे ओल्या आणि बर्फाळ रस्त्यावर चाकांना पकड मिळे; १९६८ ची माँटे कार्लो रॅली या मोटारीने जिंकली, त्यात या गुणाचा वाटा होता. ज्याला एकच मोटार ठेवणे शक्य आहे, परंतु ती मोटार केवळ वाहन असू नये असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी केलेली ही रचना होती.

तथापि जी रचना सोय देत होती तीच धोकाही देत होती. मागच्या आसाच्याही मागे असलेले इंजिनाचे वजन वळणावर एखाद्या लंबकाप्रमाणे वागे. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून पायाचा दाब एकदम काढला, की भार पुढच्या चाकांकडे सरके, मागच्या चाकांची पकड सैल होई आणि मोटारीची मागची बाजू बाहेर फेकली जाई. सामान्य मोटारीत घाबरलेला माणूस सहजपणे जे करतो, तेच येथे घातक ठरे. वेग कमी करावयाचा तर तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर विचार बदलता येत नाही, हे चालकाला शिकावे लागे. पुढच्या दशकांत रुंद चाके, सुधारलेली ठेवण आणि अखेर विद्युत्-नियंत्रण यांनी हा स्वभाव पुष्कळ सौम्य झाला. परंतु प्रारंभीच्या मोटारीत सोय आणि धोका यांचा उगम एकच होता, हे विसरता येत नाही. रोजच्या वापराला योग्य अशी ही मोटार रोज सावधपणाची मागणी करीत होती.

कंपनीलाही या रचनेच्या भवितव्याविषयी खात्री नव्हती. १९७७ मध्ये तिने '९२८' ही मोटार बाजारात आणली. इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारे, आठ सिलिंडरांचे. वजनाची वाटणी समतोल. १९७८ साठीचा युरोपातील 'कार ऑफ द इयर' हा मान तिला मिळाला. कालांतराने हीच ९११ ची जागा घेईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ९२८ चे उत्पादन १९९५ मध्ये थांबले आणि ९११ चालू राहिली. हवेने थंड होणारे इंजिन १९९८ मध्ये गेले, तरी रचनेचा सांगाडा तोच राहिला, आणि मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली. तर्काने अधिक निर्दोष असलेली मोटार मागे पडली आणि सदोष मोटार टिकली. याचे कारण केवळ चाहत्यांच्या हट्टात शोधणे अपुरे ठरेल. साठ वर्षे दोषांशी झगडत राहिल्यामुळे ती वस्तू घडत गेली, आणि रोज वापरली गेल्यामुळे तिचे दोष लपून राहू शकले नाहीत, असेही त्याचे एक स्पष्टीकरण संभवते.

आता आक्षेपांकडे वळता येईल. काम्य वस्तू नित्याच्या वापरात आणण्यावर तीन प्रकारचे आक्षेप घेतले जातात, आणि ते तीन वेगवेगळ्या वृत्तींच्या माणसांकडून येतात.

पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. तो म्हणतो, या मोटारीत दोनच माणसे नीट बसतात. आसन इतके खाली असते की ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आत शिरणे आणि बाहेर पडणे ही शिक्षाच. दारे लांब, त्यामुळे अरुंद जागेत मोटार उभी केली तर ती पुरती उघडत नाहीत. रुंद आणि मऊ रबराचे टायर लवकर झिजतात. कामाची जागा घरापासून तीन-चार किलोमीटरवर असेल, तर इंजिनातले तेल पुरेसे तापण्यापूर्वीच प्रवास संपतो. तेलात साठलेली वाफ आणि न जळलेले इंधन बाहेर पडू शकत नाही आणि इंजिनाची हानी होते. अशी मोटार भारतात आणली तर अडचणी दुपटीने वाढतात, कारण येथील गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे जमिनीपासून हातभरही उंच नसलेल्या मोटारीचा विचार करून निर्माण झालेले नाहीत. दोनशेच्या वर वेग गाठू शकणारे यंत्र घेऊन वाहतुकीच्या कोंडीत पहिल्या गिअरमध्ये रांगत बसणे, हा या माणसाच्या दृष्टीने निव्वळ अपव्यय होय.

दुसरा आक्षेप समाजचिंतकाचा. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द थिअरी ऑफ द लीझर क्लास' या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. तीत शर्यतीच्या घोड्याचे उदाहरण येते. असा घोडा नांगराला उपयोगी नाही, ओझ्याला उपयोगी नाही. तो खर्चिक आणि निरुपयोगी आहे, आणि इतरांवर मात करण्याची मालकाची इच्छा तो पुरी करतो म्हणूनच त्याची किंमत आहे, असे व्हेब्लेनचे म्हणणे. स्पोर्ट्स कार हा त्या घोड्याचा वंशज होय, असे म्हणण्यास काहीच अडचण नाही. तिच्या रोजच्या वापराने मात्र हा आक्षेप जरा गुंतागुंतीचा होतो. निरुपयोगीपणा हेच जर प्रतिष्ठेचे लक्षण असेल, तर त्या मोटारीत भाजीची पिशवी ठेवणारा माणूस प्रतिष्ठा गमावतो असे म्हणावे लागेल. पण असेही म्हणता येईल, की ज्याला इतर लोक वर्षातून चार वेळा हात लावतात ते मला रोजचेच आहे, असे दाखविणे हेच सर्वांत मोठे प्रदर्शन होय. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी कोणती खरी हे मोटारीकडे पाहून ठरत नाही; ते चालविणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते.

तिसरा आक्षेप रसिकाचा, आणि तो सर्वांत सूक्ष्म आहे. रसिक म्हणतो, उत्कृष्ट वस्तू रोज वापरली की तिचे अपूर्वत्व नष्ट होते. रोज ऐकलेला राग कानाला जाणवेनासा होतो. रोज पाहिलेला समुद्र डोळ्यांना दिसेनासा होतो. म्हणून अशी मोटार झाकून ठेवावी, एखाद्या रविवारी पहाटे रस्ते मोकळे असताना बाहेर काढावी, आणि पुन्हा झाकावी. तिला ओरखडा पडू नये, तिच्या मीटरवरचा आकडा वाढू नये. बाजारपेठही या रसिकाला दुजोरा देते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावात जी सर्वांत कमी धावलेली असते तिला अधिक किंमत मिळते. ज्या वस्तूने आपले प्रयोजन सर्वांत कमी पार पाडले, ती सर्वांत मोलाची ठरते.

या शेवटच्या आक्षेपाचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण तो रोजच्या वापराच्या मुळावर येतो. मराठी घरांत मुलांना घालण्यात येणारे एक जुने कोडे आहे. पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच: न फिरविल्यामुळे. झाकून ठेवलेल्या मोटारीला हे उत्तर अक्षरशः लागू पडते. उभ्या मोटारीची बॅटरी मरते, रबरी जोड सुकून चिरतात, टाकीतले पेट्रोल बिघडते, एकाच जागी भार पडल्यामुळे टायर चपटे होतात. वापराने वस्तू झिजते हे खरे. पण न वापरल्यानेही ती नष्ट होते, आणि हा दुसरा नाश अधिक केविलवाणा, कारण त्याच्या मोबदल्यात काहीच मिळालेले नसते. अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये सद्गुण अंगी असणे आणि सद्गुण आचरणे यांत भेद केला आहे. निद्रिस्त माणसाच्या ठायीही सद्गुण असू शकतो, पण त्याने काही चांगले घडत नाही. ऑलिम्पिकमध्ये मुकुट मिळतो तो सर्वांत देखण्या आणि बलवान माणसांना नव्हे, तर जे स्पर्धेत उतरतात त्यांना, असा दाखला तो देतो. गुण हा वापरात आल्यावरच पुरा होतो, हे तत्त्व माणसाच्या शीलाइतकेच माणसाने केलेल्या वस्तूंनाही लागू करता येईल.

पण रसिकाच्या आक्षेपात एक खोल प्रश्न उरतोच. अपूर्वत्व नाहीसे झाल्यावर सौंदर्याचे काय होते? कांटने १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट'मध्ये मुक्त सौंदर्य आणि परायत्त सौंदर्य असे दोन प्रकार सांगितले. फूल हे पहिल्याचे उदाहरण. ते कशासाठी आहे हे माहीत नसतानाही ते सुंदर वाटते. दुसऱ्याची उदाहरणे देताना कांट माणूस, इमारत यांच्याबरोबर घोड्याचेही नाव घेतो. घोड्याचे सौंदर्य पाहताना घोडा कसा असावा, कशासाठी असावा, याची कल्पना मनात असतेच. मराठी समीक्षेत कलावाद आणि जीवनवाद यांचा झगडा फडके-खांडेकरांच्या नावाने प्रदीर्घ काळ चालला. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव मानून विवेचन केले. कलाकृतींच्या संदर्भात झालेली ही चर्चा येथे उपयोगी पडते. झाकून ठेवलेली स्पोर्ट्स कार पूर्णतः अलौकिकाच्या ध्रुवावर जाऊन बसते. तिचे फूल होते. परंतु ती फूल नाही. तिची पुढची वक्र रेषा, मागे उतरत गेलेले छप्पर, चालकाच्या हाताला बेताने लागणारा गिअरचा दांडा, हे सारे चालण्यासाठी आहे. तिचे सौंदर्य घोड्याच्या जातीचे आहे. चालणे काढून घेतले तर ते सौंदर्य शुद्ध होत नाही, अपुरे होते.

येथे १९८९ या वर्षाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात जपानच्या दोन कंपन्यांनी, योगायोगाने एकाच वेळी, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे मांडली. होंडाच्या 'एनएसएक्स' या मोटारीचा सांगाडा आणि शरीर अ‍ॅल्युमिनियमचे होते. इंजिन चालकाच्या पाठीशी होते. वेग इटालियन मोटारींच्या तोडीचा होता. परंतु तिच्यात बसल्यावर सर्व बाजूंचे स्वच्छ दिसे, क्लच पायाला जड लागत नसे, आणि इंजिन कोणत्याही सकाळी तक्रार न करता सुरू होई. म्हणजे होंडाने अलौकिकातील हाल तेवढे वगळले. मॅक्लारेनच्या 'एफ-१' या सुप्रसिद्ध मोटारीचे रचनाकार गॉर्डन मरी यांनी हीच मोटार आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेवली होती आणि ती स्वतःही वापरली. दुसरी मोटार माझ्दाची 'एमएक्स-५'. तिने उलट केले: अलौकिकातील शक्तीच वगळली. १.६ लिटरचे साधे इंजिन, एक हजार किलोंहून कमी वजन, दोन आसने, हाताने उघडता येणारे कापडी छप्पर. घोडेस्वार आणि घोडा यांचे एकरूप होणे या अर्थाची 'जिन्बा इत्ताई' ही जपानी कल्पना या मोटारीच्या कर्त्यांनी आपले सूत्र म्हणून स्वीकारली. २०१६ मध्ये तिच्याही उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला.

एनएसएक्सवर तेव्हा जी टीका झाली ती विचारात घेण्यासारखी आहे. ती फार सोयीची आहे, म्हणून तिच्यात आत्मा नाही, असे काही जाणकार म्हणाले. या टीकेतून रसिकतेचे एक गुपित उघड होते. हाल सोसणे हा भक्तीचा पुरावा मानला जातो. आणि जे सहज मिळते ते श्रेष्ठ असू शकत नाही, अशी समजूत दृढ झालेली असते. तीर्थयात्रेची वाट अवघड असावी, असे वाटणाऱ्या मनाचेच हे रूप होय. परंतु कष्ट आणि मोल यांचे हे नाते अपरिहार्य नाही. दख्खनच्या इतिहासात भीमथडीच्या तट्टांची कीर्ती आहे ती त्यांच्या डौलासाठी नाही. थोड्या दाणावैरणीवर, डोंगराळ वाटांनी, दिवसेंदिवस चालत राहण्याच्या त्यांच्या गुणासाठी आहे. ज्या जनावरावर स्वार लढाईत विसंबत असे तेच त्याचे रोजचे वाहनही होते, आणि त्यामुळे त्याची योग्यता कमी झाली असे कोणी म्हटलेले नाही.

इथवरच्या विवेचनाने रोजच्या वापराचे समर्थन झाले असे वाटेल. परंतु आतापर्यंत विचार झाला तो मालक आणि मोटार या दोघांचाच. रस्त्यावर ही दोघेच नसतात. रस्ता ही सर्वांची मिळकत आहे. तेथे पायी चालणारी म्हातारी माणसे असतात, चेंडूमागे धावणारी मुले असतात, सायकलवाले असतात. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. ताशी पन्नासाचे शंभर किलोमीटर झाले की वेग दुप्पट होतो आणि आघाताची ऊर्जा चौपट. चालकाला मिळणारा आनंद मात्र चौपट होत नाही. शिवाय त्या आनंदात वाटेकरी एकटा चालक असतो, आणि धोक्यात वाटेकरी सगळेच. धूर आणि आवाज यांचेही तसेच.

जर्मनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. महामार्गावर सर्वसाधारण वेगमर्यादा नसलेला देश अशी त्याची ख्याती असली, तरी १९५७ पासून तेथे गावांच्या हद्दीत ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला, तेव्हा पश्चिम जर्मनीने नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या चार रविवारी खासगी मोटारींना रस्त्यावर येण्यास बंदी केली आणि काही महिने महामार्गावरही शंभरची मर्यादा घातली. त्या रविवारी लोक रिकाम्या महामार्गांवरून पायी आणि सायकलवरून फिरले. जो रस्ता वेगासाठीच बांधला होता तो चालण्यासाठीही असू शकतो, याचा तो प्रत्यय होता. मर्यादा उठल्यावर १९७४ पासून ताशी १३० ही केवळ शिफारस म्हणून राहिली, आणि तिचे बंधनात रूपांतर करावे की नाही, यावर तेथे पुढेही दशकानुदशके वाद होत राहिला. स्वातंत्र्याची सीमा कोठे आखावी, हा त्या वादाचा गाभा आहे. मोटार हे निमित्त.

या सामाजिक दृष्टीने पाहता रविवारचा रसिक आणि रोजचा चालक यांच्यातील तुलना अनपेक्षित वळण घेते. जो मोटार झाकून ठेवतो आणि क्वचित बाहेर काढतो, त्याच्या त्या बाहेर पडण्याचे प्रयोजनच वेग असते. आठवडाभर वाट पाहिल्यावर ताशी साठाने फिरून परत येणे त्याला व्यर्थ वाटते. उलट, जो तीच मोटार रोज नेतो, त्याला बसच्या मागे थांबावे लागते, शाळेसमोर रांगावे लागते, पावसात दिवे लावून हळू जावे लागते. आपल्या हाताशी असलेली बहुतेक शक्ती न वापरता दिवस काढणे हाच त्याचा अभ्यास होतो. ज्याच्यापाशी शक्तीच नाही त्याच्या संथपणाला संयम म्हणता येत नाही. शक्ती असून ती राखणे, आणि तिच्या राखण्याने मनात चरफड न होणे, हा संयम. काम्य वस्तू नित्याच्या शिस्तीत बसविण्याचा नैतिक लाभ काही असेल तर तो येथे आहे.

अर्थात याचा अतिरेकी अर्थ काढू नये. संयम शिकण्यासाठी स्पोर्ट्स कार विकत घ्यावी असे कोणी म्हणू लागला, तर ते हास्यास्पद होईल. आणि अनेकांच्या बाबतीत ही शक्ती संयमाऐवजी उद्दामपणाच शिकविते, हे रस्त्यावर रोज दिसते. शिवाय रोजच्या वापराने इंधनही रोज जळते. रविवारच्या रसिकापेक्षा रोजचा चालक या बाबतीत निश्चितच अधिक दोषी ठरतो. एका माणसाला कामावर नेण्यासाठी टनाहून जड यंत्र हलविणे हा अपव्यय साध्या मोटारीतही होतोच, पण त्यामुळे तो येथे क्षम्य होत नाही. ज्या शहरात चांगली रेल्वे आणि बस आहे, तेथे या मोटारीच्या रोजच्या वापराचे समर्थन बरेच दुबळे होते. एमएक्स-५ सारखी हलकी मोटार या दोषातून अंशतः सुटते, सर्वस्वी नाही.

आणखी एक गोष्ट काळानेच पुढे आणली आहे. १९६४ मध्ये १३० अश्वशक्ती ही अलौकिक होती. आज अनेक कौटुंबिक मोटारींमध्ये तिच्याहून अधिक शक्ती असते, आणि विजेवर चालणारी घरगुती मोटार देखील आरंभीच्या वेगवाढीत जुन्या स्पोर्ट्स कारना सहज मागे टाकते. वेग सामान्य झाला आहे. तरीही साठ वर्षांपूर्वीची ती मोटार चालविणाऱ्याला आजही काही विशेष लाभते. तेव्हा ते विशेष आकड्यांत नव्हतेच, असे मानावे लागते. रस्त्याचा पोत हाताला कळणे, चाकाखालची ओल पाठीला जाणवणे, वळण येण्यापूर्वी त्याचा विचार करावा लागणे, हे ते विशेष होय. नव्या मोटारी या जबाबदाऱ्या एकेक करून चालकाकडून काढून घेत आहेत. त्यात सुरक्षितता आहे आणि ती नाकारणे अविचाराचे होईल. पण त्याबरोबर अवधानही कमी होत जाते. रोजच्या वाटेवर माणसाचे अवधान जागे ठेवणारी वस्तू, हे काम्य मोटारीचे नित्य जीवनाला मिळू शकणारे खरे देणे होय. ते देणे ताशी चाळीसानेही मिळते. जो मोटारीकडून हे घेऊ शकत नाही, त्याच्या हाती केवळ शक्ती उरते, आणि ती रस्त्यावर कोणाच्याच हिताची नसते.

महाभारतातील नलोपाख्यानात वेगाविषयीचा एक प्रसंग आहे. राज्य गमावलेला आणि रूप पालटलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे चाकरीला असतो. घोडे सांभाळतो आणि स्वयंपाकही करतो. एका दिवसात विदर्भात पोचावयाचे असते, आणि बाहुक रथ असा हाकतो की राजाचे उत्तरीय गळून पडल्यावर ते घेण्यासाठी थांबावे म्हणेपर्यंत ते एक योजन मागे राहिलेले असते. वेगाचे वर्णन येथे संपत नाही. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या दृष्टिक्षेपात मोजून संख्या सांगतो. बाहुक रथ थांबवितो. राजा घाई करतो, उशीर होईल म्हणतो. बाहुक ऐकत नाही, खाली उतरतो आणि मोजून पाहतो. ज्याला उत्तरीयासाठी थांबण्याचे कारण दिसले नव्हते, त्याला ज्ञानासाठी थांबण्याचे कारण दिसते. त्या थांबण्यातूनच त्याला अक्षविद्या मिळते आणि त्याच्या देहात शिरलेला कली बाहेर पडतो. रथ तरीही संध्याकाळी विदर्भात पोचतो.

पुढे दमयंती आपल्या पतीला ओळखते ती रूपावरून नव्हे, कारण रूप पालटलेले आहे. रथाचा घोष ऐकून तिच्या मनात पहिली शंका येते. आणि बाहुकाने शिजविलेल्या अन्नाची चव घेतल्यावर ती बळकट होते. कथाकाराने या दोन खुणा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक अलौकिक सारथ्याची, दुसरी रोजच्या चुलीची. आणि दमयंतीला दोन्हींत एकच हात ओळखू येतो.